फरदड ठेवू की काढू? बोंडअळीचा हिशेब जानेवारीतच लागतो

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागात बोललेलं, थोडं नीटनेटकं करून, इथे देत आहोत.)



संक्रांत तोंडावर आली आहे. गव्हाला थंडी मानवली आहे, हरभरा घाट्यांवर आलाय, आणि जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच शेतांत कपाशी मात्र अजून उभीच आहे. आज बोलायचं आहे ते या उभ्या कपाशीबद्दल.

निमित्त आहे शिंदखेडा तालुक्यातल्या एका श्रोत्याचा आवाजी निरोप. नाव सांगत नाही, पण निरोप जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगतो. ते म्हणतात, "भाऊ, माझ्या दोन एकर कपाशीला पुन्हा पाते लागले आहेत. विहिरीला पाणी आहे. व्यापारी म्हणतो, पुढे भाव वाढेल. दोन पाणी दिले तर पाच-सहा क्विंटल सहज निघेल. एप्रिलमध्ये मुलीचं लग्न आहे. फरदड ठेवू की काढू?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: काढा. पण ज्याच्या घरात लग्न आहे त्याच्या तोंडावर असा एक शब्द फेकून मोकळं होणं बरं नाही. म्हणून आजचा सगळा भाग या एका उत्तरासाठी.

मागच्या भागात आपण केरळातल्या मिरीबद्दल बोललो होतो. तिथे मिरीच्या दाण्यात एका भुंग्याची अळी शिरते आणि आतला गर खाऊन टाकते. घोस वेलावर दिसतो, पण दाणा दाबला की भुगा. तिथले लोक त्याला पोल्लू म्हणतात, म्हणजे पोकळ. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं, "आपल्याकडे कुठे मिरी पिकते? आम्हाला काय उपयोग?" उपयोग असा की फळाच्या आत बसून खाणारी कीड कुठलीही असो, तिची चाल एकच असते. बाहेरून पीक चांगलं दिसतं, नुकसान कळतं तेव्हा वेळ गेलेली असते, आणि आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. मिरीत जे पोल्लू करतो, ते आपल्या कपाशीत गुलाबी बोंडअळी करते.

ही कीड काही नवी नाही. १८४३ मध्ये सॉन्डर्स नावाच्या अभ्यासकाने तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, आणि त्याचे नमुने होते भडोचच्या कपाशीतले. भडोच आपल्याला काही लांब नाही. सुरत-भुसावळ गाडीत बसणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता ती करते काय ते बघा. तिचा पतंग लहान, करडा, रात्री उडणारा. मादी पाते, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते, सुटी सुटी किंवा चार-सहाच्या पुंजक्यात. चार-पाच दिवसांत अंड्यातून अळी निघते. ती इतकी बारीक असते की बोंडाला पाडलेलं छिद्र पुढे भरून येतं. हिरवी बोंडअळी बोंडाला मोठं भोक पाडते, बाहेर विष्ठा दिसते, आपण धावत जाऊन औषध मारतो. गुलाबी अळी आत जाऊन जणू दार लावून घेते. दहा-पंधरा दिवस आत सरकी खाते. बोंड वाढतं, हिरवंगार दिसतं. शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, यंदा झाड कसं लदलंय! आणि बोंड उमलायची वेळ आली की ते अर्धंच उमलतं, एखादी पाकळी चिकटून बसते, आतला कापूस पिवळा, डागाळलेला. हीच ती कवडी. जिनवाला हातात घेतो, बघतो आणि भाव खाली आणतो.

अळी फुलात असेल तर फूल पूर्ण उमलत नाही. पाकळ्या आतून जाळ्याने शिवल्यासारख्या होतात आणि फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. त्याला आपण डोमकळी म्हणतो. डोमकळी म्हणजे या किडीने स्वतःहून दिलेली पहिली खबर. ती दिसली की तोडायची, आत बघायचं आणि नष्ट करायची. शेतात टाकून द्यायची नाही.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आपल्या शिंदखेड्याच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या गोष्टीत आहे. हंगाम संपत आला, थंडी पडली, की शेवटच्या पिढीतल्या पुष्कळ अळ्या कोष न करता झोपी जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या मधोमध, नाहीतर वाळलेल्या बोंडात, मातीच्या भेगेत, जिनमधल्या सरकीच्या ढिगात. याला सुप्तावस्था म्हणतात. खाणं नाही, पिणं नाही, महिनोन्‌महिने तशाच पडून. उन्हाळा सरून पहिला पाऊस आणि दमट हवा आली की जागं व्हायचं, पतंग होऊन बाहेर पडायचं.

आता विचार करा. जूनमध्ये बाहेर पडलेल्या त्या पतंगाचं आयुष्य जेमतेम एक-दोन आठवडे. त्याला त्या दिवसांत अंडी घालायला पाते किंवा फूल पाहिजे. शेतात कपाशीच नसेल, किंवा असली तरी चार पानांची असेल, तर त्याचा वंश तिथेच संपला. फवारणी नाही, खर्च नाही, उपाशीच संपला. म्हणजे या किडीचं वर्षभरात एकच नाजूक ठिकाण आहे: हंगाम संपल्यापासून नव्या कपाशीला पाते येईपर्यंतचा काळ. हा काळ जितका लांब आणि जितका कोरा, तितकी कीड कमी.

आणि खानदेशात आपण नेमकं काय करतो? हा काळ दोन्ही टोकांनी खाऊन टाकतो.

एक टोक फरदडीचं. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी मार्च-एप्रिलपर्यंत चालवायची. अळीला खायला मिळतंय, पिढ्या वाढताहेत. दुसरं टोक मे महिन्यातल्या लागवडीचं. चोपडा, यावल, रावेर, जामनेर, शिरपूर, जिथे विहीर आणि ठिबक आहे, तिथे पूर्वहंगामी कपाशी लागते. मेच्या मध्याला लावलेल्या कपाशीला जूनच्या शेवटी, जुलैच्या सुरुवातीला पाते येतात. पावसाने जागा झालेला पतंग उपाशी मरणार होता, त्याला आयतं ताट मिळतं. तिथे त्याची पहिली पिढी होते. आणि ऑगस्टमध्ये शेजारच्या कोरडवाहू कपाशीला फुलं लागतात तेव्हा ती पिढी तयार होऊन तिकडे जाते.

आता मी माझ्या घरचं सांगतो. दुसऱ्याच्या घरचं सांगणं सोपं असतं.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, विहीर बरी. आम्ही मे महिन्यातच कपाशी लावायचो. २०१७ च्या जानेवारीत आमच्या शेतात फरदड उभी होती. नोटबंदीमुळे हातात रोख नव्हती, कापूस हाच पैसा होता, म्हणून आप्पांनी ती मार्चपर्यंत चालवली. नंतर पऱ्हाटी उपटली आणि चुलीसाठी बांधावर रचून ठेवली, तशीच, बोंडांसकट. मे महिन्यात पुन्हा लागवड. कुठल्याच गोष्टीत आम्हाला काही चूक वाटली नाही. सगळं गाव तेच करत होतं.

आमच्या बांधाला बांध लागून नानांचं शेत. नाना आमचे भाऊबंद. विहीर नाही, जे काही ते पावसावर. त्यांनी जूनच्या शेवटी पाऊस झाल्यावर कपाशी लावली. त्या वर्षी काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. २०१७ ला राज्यभर गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, विदर्भात, मराठवाड्यात आणि आपल्याकडेही. आमच्या पहिल्या दोन वेचण्या तोवर घरात आल्या होत्या. शेवटचा माल कवडी निघाला, तोटा झाला, पण आम्ही तरलो. नानांची बोंडं नोव्हेंबरमध्ये फुटायला लागली आणि फुटली ती सगळी किडकी. वेचायला मजूर लावणं परवडेना. त्यांनी उभ्या कपाशीत मेंढ्या घातल्या.

नाना ओट्यावर बसून म्हणाले, "तुमचं बागायती, तुमचं निघून गेलं. आमच्या पदरात किडा पडला." हे त्यांनी आमच्यावर रागावून म्हटलं नव्हतं. नशिबाला बोल लावत होते. आम्हीही मान हलवली. ही अळी आमच्या शेतात उन्हाळा काढून, आमच्या मे महिन्याच्या कपाशीत पोसून त्यांच्याकडे गेली असणार, हे मला पुढच्या वर्षी एका शेतकरी मेळाव्यात वर उल्लेख केलेलं वेळापत्रक फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा कळलं. एकट्या आमच्या शेतातून नाही, गावातल्या सगळ्या बागायती शेतांतून. पण आमचं शेत त्यांच्या सगळ्यात जवळ होतं.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे फरदड राहिलेली नाही, एवढं मात्र खरं.

कोणी म्हणेल, बीटी असताना अळी आली कशी? रास्त प्रश्न आहे. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बीजी-२ आली. पहिली काही वर्षं खरोखर सुखाची होती. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढलं. पण कीड गप्प बसत नाही. ज्या थोड्या अळ्या त्या विषाला पुरून उरतात, त्यांचीच पिल्लावळ पुढे वाढते. गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी २०१० च्या सुमारास समोर आली, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत बीजी-२ लाही ती जुमानेनाशी झाली.

यात आपलाही हात आहे. ४५० ग्रॅमच्या बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी यायची, आठवते? ती शेताभोवती लावायची होती. तिथे साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचं निबर अळ्यांशी मीलन व्हावं आणि निबरपणा पातळ राहावा, यासाठी. किती जणांनी लावली? आम्ही ती कोठीत टाकायचो, कधी फेकून द्यायचो. त्यात आपल्याकडची सगळी बीटी संकरित. अशा झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखं नसतं, काहींत असतं, काहींत नसतं. म्हणजे एकाच बोंडात अळीला हळूहळू सवय व्हायची सोय. वर आपण पीक आठ-दहा महिने उभं ठेवलं. तिला शिकायला याहून चांगली शाळा कुठे मिळणार?

मग फवारणीचं काय? फवारणीला जागा आहे, पण ती लहान आहे. अळी अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतचा जो थोडा वेळ असतो, तेवढीच ती बाहेर सापडते. एकदा आत गेली की तुम्ही कितीही महाग औषध मारा. आणि घाबरून दोन-तीन औषधं एकत्र करून मारण्याचं फळ काय, तेही २०१७ नेच दाखवलं. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अळी बोंडात सुरक्षित होती, मेला तो पाठीवर पंप घेतलेला माणूस. हे कधी विसरू नका.

आता करायचं काय, ते महिन्यावार सांगतो. लिहून घ्या.

आत्ता, जानेवारीत: कपाशी संपवा. मेंढपाळ ओळखीचे असतील तर कळप शेतात बसवा. धुळ्याकडे ठेलारी बांधव वाड्यासकट येतात, मेंढ्या उरलीसुरली हिरवी आणि किडकी बोंडं खाऊन टाकतात, शेताला खतही मिळतं. मात्र नुकतीच फवारणी झालेली असेल तर जनावरं सोडू नका. मग पऱ्हाटी मुळासकट काढा. श्रेडर मिळाला तर बारीक करून कंपोस्टला घाला. चुलीला ठेवायचीच असेल तर आधी बोंडं झोडून वेगळी करा, आणि ढीग शेताच्या बांधावर ठेवू नका.

मार्च-एप्रिलमध्ये: खोल नांगरट. माती उन्हात तापू द्या, पाखरं आपलं काम करतील. याच काळात जिन आणि सरकीच्या गोदामांत कामगंध सापळे हवेत. जळगाव जिल्ह्यात जिन थोड्या नाहीत. शेतातून जाऊन अळी तिथे सरकीत झोपते, आणि जिनच्या आजूबाजूच्या शेतांत आधी उठते.

मे महिन्यात: सगळ्यात अवघड काम, थांबणं. कृषी विभाग गेली काही वर्षं १ जूनच्या आत कपाशी लावू नका म्हणतो आणि बियाण्याच्या विक्रीवरही बंधन घालतो, ते याच साखळीसाठी. तरी सीमेपलीकडून पाकिटं येतात, हे तुम्हाला मला दोघांनाही माहीत आहे. लावताना कमी दिवसांत येणारं वाण घ्या, म्हणजे डिसेंबरच्या आत शेत मोकळं होईल.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी: एकरी दोन कामगंध सापळे. रोज सकाळी मोजणी. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर सावध. पाते लागताना पाच टक्के निंबोळी अर्क. ट्रायकोकार्ड मिळाले तर लावा, पण त्या दिवसांत रासायनिक फवारणी नको, नाहीतर मित्रकीटकच मरतील. बोंडं लागली की आठवड्याला शेतात फिरून २० हिरवी बोंडं तोडा आणि घरी आणून फोडा. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली, म्हणजे दहा टक्के, तर मगच शिफारशीचं एक औषध, एकटं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड आधीच मारली तर पांढरी माशी उसळते, तेही ध्यानात ठेवा. औषधाचं नाव आणि प्रमाण मी इथे सांगणार नाही, दरवर्षी शिफारस बदलते. पालचं कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळ्याचं आहे, तिथे विचारा. दुकानदाराला शेवटी विचारा.

एक बाजू मात्र न्यायाने मांडली पाहिजे. मे लागवडवाला म्हणतो, "माझी कपाशी ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपते, मी लगेच हरभरा नाहीतर मका घेतो, मी फरदड ठेवत नाही. मी गुन्हेगार कसा?" त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. लवकर पीक संपवणं चांगलंच. अडचण एवढीच की त्याच्या शेतात जुलैमध्ये तयार झालेले पतंग त्याची हद्द ओळखत नाहीत. नुकसान त्याला होत नाही, शेजाऱ्याला होतं. म्हणून तर हे इतकं अवघड आहे. ज्याच्या हातात उपाय आहे त्याला झळ कमी, आणि ज्याला झळ लागते त्याच्या हातात काही नाही.

हे जमतं का, असं विचाराल तर एक उदाहरण आहे. हीच अळी अमेरिकेत होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने जाहीर केलं की कपाशी पिकवणाऱ्या भागातून ती हद्दपार झाली. त्यांनी बीटीच वापरली, पण सोबत कामगंधाने नर-मादीची गाठ चुकवली, वांझ पतंग विमानातून सोडले, आणि ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी गाडायची म्हणजे गाडायचीच, सगळ्यांनी. आपली शेतं लहान, विमान आपल्याला परवडणार नाही. पण तारीख? तारखेला पैसे लागत नाहीत. एका शिवारातल्या शंभर जणांनी एक तारीख पाळली तर कळतं. नव्वदांनी पाळली आणि दहा जणांची फरदड उभी राहिली, तर त्या दहा शेतांतली अळी शंभरांना पुरते.

आता शिंदखेड्याचे भाऊ, तुमचा हिशेब.

आज जे पाते दिसतात त्याचं फूल व्हायला साधारण तीन आठवडे, फुलाचं बोंड उमलायला पुढे दीड महिना. म्हणजे कापूस हातात येणार मार्च संपता संपता. तोवर विजेची वेळ बघून रात्री पाणी भरायचं, दोन फवारण्या करायच्या. आणि ही बोंडं वाढणार अशा वेळी, जेव्हा वर्षभरातली सगळ्यात जास्त अळी तुमच्या शेतात असते. पाच-सहा क्विंटल तुम्ही झाडाकडे बघून धरलेत. अळी धरून मोजा. कवडी वेचायला वेळ जास्त, मजुरी जास्त, भाव कमी. आत्ता घरी जाऊन २० बोंडं तोडा आणि फोडा. किती किडकी निघाली ते मोजा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्या २० बोंडांवर ठेवा.

विहिरीला पाणी आहे तर उन्हाळी भुईमूग किंवा बाजरी होते. लग्नाआधी त्याचा पैसा हातात पडेल असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. लग्नाचा खर्च फरदडीने भागणार नव्हता, भुईमुगानेही भागणार नाही. त्यासाठी उसनवारी करावी लागली तर ती यंदाचीच राहील. पण पुढच्या वर्षीची कपाशी तरी त्या कर्जात जाणार नाही, तुमची आणि तुमच्या बांधाला लागून असलेल्याचीही.

आणि एक काम करा. पऱ्हाटी काढायच्या दिवशी शेजारच्यालाही बोलवा. त्याचीही उभी असेल तर त्याच दिवशी काढा. तुमच्या एकट्याच्या काढण्याने फरक थोडा पडेल. दोघांच्या काढण्याने जास्त पडेल.

बोंडं फोडलीत की आकडा कळवा. २० पैकी किती, एवढंच. बाकीच्या श्रोत्यांनीही कळवा, गाव आणि आकडा. पुढच्या भागात सगळे एकत्र वाचून दाखवतो.

येतो मंडळी. राम राम.